कुणाची हरकत आहे?

दुबईत कुठल्याही नव्या साइटवर पहिला खुंटा ठोकण्याआधी दिनकर उतेकर हरकत विचारत. समोर नुसती वाळू असायची, लांबवर कुंपणाचा पत्रा, पाण्याचा टँकर आणि सावली शोधत उभी असलेली चार माणसं. उतेकर साहेब डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरत, वाळूतलं एखादं वाळकं झुडूप उपटून हातात उंच करत आणि खणखणीत मराठीत विचारत, "इथे वस्ती बसते आहे. कुणाची हरकत आहे?" एकदा नाही, तीनदा. दरवेळी मध्ये मिनिटभर थांबायचे, तेही मनगटावरच्या घड्याळाकडे बघून. मग "हरकत नाही" असं स्वतःच जाहीर करून खुंट्यावर हातोडा घालायचे.

मी त्या कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा सोहळा पाहिला आणि उन्हाने या म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे, अशी माझी खात्री झाली. साहेब तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, कंपनीचे सगळ्यात जुने सर्व्हेयर. काटकुळे, पांढऱ्याशुभ्र केसांचे, आणि शर्टाच्या खिशात कायम नारिंगी नायलॉनच्या दोरीचं एक रीळ. मला ते 'प्लॅनिंगबाई' म्हणायचे. माझं नाव रेवती आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते नाव फक्त त्यांच्या घरी वापरलं जायचं.

एकदा मात्र त्यांना खरोखरच हरकत मिळाली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि वीसेक पावलांवरून एक टिटवी किंचाळत उठली. साहेबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं होतं. वीस वर्षं त्यांच्यासाठी स्टाफ, म्हणजे मोजणीची उंच पट्टी, धरणारे रत्नागिरीचे रशीदभाई म्हणाले, "साहेब, पक्षी हाय तो. यल्ला, चला आता, ऊन चढतंय." साहेब म्हणाले, "रशीदभाई, हरकत ती हरकत." शोधल्यावर खडीत चार अंडी सापडली. साहेबांनी आपला मूळ बिंदू पंधरा पावलं सरकवला, अंड्यांभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी केली. मॅनेजरने येऊन तोंडाचा पट्टा सोडला तेव्हा शांतपणे म्हणाले, "सर, ऑब्जेक्शन रिसीव्ड."

कामाला उशीर झाला की कारणासकट त्याची नोंद करणं हे माझं काम. त्यासाठी आमच्याकडे डिले रजिस्टर असे. त्यात मी हसत हसत लिहिलं, 'अर्धा दिवस. कारण : टिटवी.' साहेबांनी त्या पानाचा फोटो काढून बायकोला वाचून दाखवला होता.

हे खूळ त्यांच्याकडे आलं ते एका स्पॅनिश कप्तानाकडून. फार पूर्वी ऑफिसात एक स्पॅनिश कन्सल्टंट होता. त्याचे पूर्वज समुद्रापलीकडच्या एका गावातले, आणि काही शतकांपूर्वी ते गाव वसवणाऱ्या फौजी अधिकाऱ्याच्या, म्हणजे या कप्तानाच्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स त्याच्यापाशी होत्या. देश सोडताना तो त्या फायलीसकट टेबल मोकळं करत होता. फायलीत वर गावाचा नकाशा होता, शेजारून नदी, मधे चौक, सगळे रस्ते काटकोनात. साहेबांना नकाशा आवडला म्हणून त्यांनी फाइल मागून घेतली. मग नकाशावर काय लिहिलंय ते कळेना, म्हणून फोनवरच्या शब्दकोशातून स्पॅनिश शिकायला लागले. मी आले तेव्हा त्यांना सात वर्षं झाली होती. रोज जेवणाच्या सुट्टीत एका हातात चपातीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात पेन्सिल, अर्धं पान मराठीत. गावाचं खरं नाव दोन संतांचं आणि इतकं लांबलचक होतं की साहेब त्याला सरळ 'कप्तानवाडी' म्हणत.

"आज कप्तानाने काय केलं?" एवढं विचारलं की माझी सुट्टी कशी जायची ते कळायचं नाही. स्पेनच्या राज्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, तांबड्या पाण्याच्या एका मोठ्या नदीकाठी कप्तानाने चाळीस कुटुंबं तराफ्यांवरून आणली होती. रस्ते दोराने आखले. "आणि दोर भिजला की आखडतो," साहेब मिटक्या मारत सांगत. "त्यामुळे पावसाच्या दिवसांत आखलेल्या गल्ल्या अरुंद आणि उन्हात आखलेल्या रुंद! त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सर्व्हेयर नव्हता ना बिचारा." मग कप्तानाने चौकात लाकडी खांब रोवला, गवत उपटून हातात धरलं आणि गाव वसवायला कुणाची हरकत आहे का, असं तीनदा विचारलं. कुणी बोललं नाही. कारकुनाने तसं लिहून घेतलं आणि गाव कायदेशीर झालं.

"छान पद्धत होती," मी म्हणाले.

साहेबांनी चपाती डब्याच्या झाकणावर ठेवली. "छान? पलीकडच्या काठावर त्या जमिनीची मूळ माणसं उभी होती. कप्तान स्वतःच लिहितो. प्रश्न विचारला स्पॅनिशमध्ये. त्यांना कळला तर हरकत घेणार ना!" मग म्हणाले, "आमचं गाव धरणात गेलं ना, तेव्हा आम्हालाही विचारलं होतं. तालुक्याच्या कचेरीत कागद लावला होता, हरकती असल्यास कळवाव्यात म्हणून. आजोबांना वाचता येत नव्हतं. मुदत संपली, कुणी काही बोललं नाही, पाणी सोडलं."

त्यानंतर मी त्यांच्या झुडूप उपटण्याला कधी हसले नाही. पण गंमत अशी की या कप्तानावर ते चिडत तितकाच जीवही लावत. मला वाटतं, चुकीच्या जागी आलेला आणि तिथेच जीव गुंतलेला माणूस त्यांना चांगला कळायचा.

कप्तानाचं पुढे वाईट झालं. वरून हुकूम आला आणि त्याला काढून टाकलं. चौकात हुकूम वाचून पुन्हा तोच प्रश्न तीनदा विचारला गेला. ते पान ज्या दिवशी संपलं त्या दिवशी साहेब जरा वेगळेच होते.

"प्लॅनिंगबाई, कप्तान खोटं लिहितो," ते म्हणाले. "बायकोला पत्र लिहिलंय. म्हणतो, मला काढायचा हुकूम वाचला तेव्हा सगळे गप्प होते, पण एक बाई उठून बोलली. सरकारी नोंदीत असं काही नाही. कुणीही बोललं नाही, असंच आहे."

"मग खरं काय?"

"नोंद खरी. पण बायकोला काय नोंद पाठवायची?" असं म्हणून त्यांनी डबा बंद केला.

साहेबांची बायको म्हणजे मालतीकाकू. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, ज्या रस्त्यांचे पहिले खुंटे साहेबांनी मारले होते, तिथल्याच एका इमारतीत दोघं राहत. साखरेच्या आजाराने काकूंची दृष्टी मी यायच्या आठ वर्षं आधी गेली. पहिलं वर्षभर त्या पलंगावरून उतरल्या नाहीत, मला मरू द्या म्हणायच्या. मग साहेबांनी हार्डबोर्डचा एक तक्ता घेतला आणि आपल्या नारिंगी दोरीने त्यावर वस्ती चिकटवली. दोरी म्हणजे रस्ता, शर्टाचं बटण म्हणजे ग्रोसरीचं दुकान, काडेपेटीच्या दोन काड्या म्हणजे बाकडं, उंबऱ्याच्या जागी तुरीची डाळ. काकू बोटांनी ती वस्ती शिकल्या आणि साहेबांनी त्यांच्या पावलाच्या मापाने सगळी अंतरं मोजली. दारापासून लिफ्ट तेवीस पावलं. लिफ्टपासून फाटक एकेचाळीस. फाटकापासून ग्रोसरी एकशे चौसष्ट.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "थांब ग, कोथिंबीर संपलीय," आणि काठी घेऊन एकट्या निघाल्या. मी उठायला लागले तर साहेबांनी डोळ्यांनी दटावलं. आम्ही गॅलरीतून बघत राहिलो. काकू झपझप गेल्या, ग्रोसरीच्या मल्याळी चाचांशी हिंदीत हुज्जत घातली आणि जुडी घेऊन परत आल्या. साहेब तोवर कठडा घट्ट धरून उभे होते, ओठ हलत होते. तेही मोजत होते.

"हिला जगात एवढंच गाव आहे," ते मला हळूच म्हणाले. "बाकी सगळीकडे ही आंधळी आहे. इथे नाही."

त्या घराचा पाया म्हणजे साहेबांचा व्हिसा आणि व्हिसाचा पाया म्हणजे नोकरी. काकू त्यांच्या नावावर राहत होत्या. साहेबांची साठी उलटली तसं दर नूतनीकरणाला प्रोजेक्टकडून 'या माणसाची गरज आहे' असं पत्र हेड ऑफिसला जावं लागे. पाच वर्षं ते गेलं.

सहाव्या वर्षी आमच्या साइटवर ड्रोनने मोजणी सुरू झाली. ड्रोनने दाखवलेली जमिनीची उंची आणि साहेबांनी जुन्या सरकारी खुणेपासून मोजत आणलेली उंची यांत वीतभर फरक निघाला. वीतभर म्हणजे पाणी गटाराकडे न जाता उलट इमारतीकडे येणार. साहेबांनी काम सुरू होण्याआधीच मेल लिहिली, की ड्रोनची सुरुवातीची खूण चुकली आहे, तपासल्याशिवाय भराव टाकू नका. मेल मॅनेजरला आणि मला आली होती. मॅनेजरने उत्तर दिलं नाही. मी एका शब्दाचं दिलं, 'नोटेड'. आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ वाचलं आणि विसरलं असा होतो. भराव पडायला लागला. साहेबांनी सही करायला नकार दिला, पुन्हा मोजणी करायला लावली, आणि काम तीन आठवडे अडकलं.

मग ती मीटिंग झाली. सकाळी दहाची, बाराजणांची, चहा-बिस्किटांसकट. मॅनेजरने वाचून दाखवलं, "डिले ऑफ थ्री वीक्स, कॉज्ड बाय सर्व्हेयर, मिस्टर उतेकर." आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "एनी ऑब्जेक्शन?" मीटिंगचा हा रिवाजच असतो. कुणी बोललं नाही की इतिवृत्त सगळ्यांना मान्य, त्यावर सह्या आणि कागद हेड ऑफिसला. साहेबांचं पत्र त्याच महिन्यात जायचं होतं. टेबलाभोवती हे ठाऊक नसलेला एकही माणूस नव्हता.

साहेब म्हणाले, "सर, आय हॅव सेंट मेल."

"नोबडी हॅज सीन एनी सच मेल," मॅनेजर म्हणाला. "एनी अदर ऑब्जेक्शन?"

साहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली. माझ्यापाशी थांबली नाही ती, हे मी शपथेवर सांगते. उगाच भार टाकायचा नाही म्हणून ती माझ्यावरून सरळ पुढे गेली. माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता, मेल त्यात होती, माझं 'नोटेड' त्यात होतं. माझ्या नवऱ्याची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली होती. तो आणि दोन्ही मुली माझ्या व्हिसावर होत्या. मी बिस्किटाचा कागद बोटांनी सरळ करत बसले.

"नो? खलास. यल्ला, नेक्स्ट पॉइंट."

टिटवीची हरकत मी नोंदवली होती. माणसाची नाही नोंदवली. मी घाबरले, याखेरीज त्याला कारण नाही.

साहेबांचं पत्र गेलं नाही. व्हिसा रद्द झाल्यावर जी काय मुदत मिळते तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची होती. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला हा माणूस पासष्टाव्या वर्षी केस काळे करून दुबईभर फिरायला लागला. तो रंग त्यांच्या कपाळावर उतरला होता. ज्यांच्या इमारतींच्या कोपऱ्यांना त्यांनी खुंटे मारले होते त्या सगळ्या कंपन्यांच्या रिसेप्शनवर ते बायोडेटा ठेवून आले. मेलबर्नमधल्या मुलाने स्पीकरवर सांगितलं, "डॅड, जस्ट गो होम ना. व्हाय आर यू फायटिंग?" साहेब म्हणाले, "होम म्हणजे कुठलं रे? पाण्याखालचं?" मुलगा म्हणाला, "आय डोन्ट नो, डॅड. पनवेल?" पनवेलला साहेबांच्या पुतण्याचा फ्लॅट होता, पाचव्या मजल्यावर. काकूंनी तो कधी पाहिला नव्हता आणि आता पाहू शकणारही नव्हत्या.

दोन-तीनदा मी त्यांना गाडीतून नेलं. तेवढंच करू शकत होते, किंवा तेवढंच केलं. एका दुपारी आम्ही मुहैस्नाहला गेलो, मजुरांच्या छावण्यांच्या मधे एक माणसं पुरवणारं ऑफिस होतं तिथे. आतला माणूस वाईट नव्हता. त्याने साहेबांना पाणी दिलं.

"अंकल, सर्व्हेयर का वीजा नहीं है."

"हेल्पर का चलेगा. स्टाफ पकड़ूँगा. मुझे सब काम आता है."

"धूप में गिर जाओगे, अंकल."

"नहीं गिरूँगा. तीस साल से नहीं गिरा."

त्या माणसाने त्यांच्या कपाळावरच्या काळ्या डागाकडे पाहिलं आणि नजर वळवली. "अंकल, हेल्पर के वीजा पे फैमिली नहीं रहती. मॅडम को तो जाना ही पड़ेगा."

साहेब खुर्चीतून उठले. मग वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "कुछ तो रास्ता होगा, बेटा. तुम सोचो. मैं बाहर बैठता हूँ." आणि खरंच बाहेर जाऊन पायरीवर बसले. तासभर. मी शेजारी उभी होते. आतून कुणी बोलावलं नाही. मला तिथे जे वाटलं त्याला लाज हा शब्द अपुरा आहे.

परतताना गाडीत मी म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी..."

"प्लॅनिंगबाई," ते म्हणाले, "सिग्नल सुटला."

त्या आठवड्यात मी हेड ऑफिसला मेल लिहिली, जुनी मेल जोडली, सगळं खरं लिहिलं. रोज सकाळी ती उघडून वाचायची आणि एखादा शब्द बदलायचा. ती कधी गेली नाही. ड्राफ्ट्समध्ये आजही आहे. पुढच्या हिवाळ्यात पाऊस झाला तेव्हा त्या साइटवरचं पाणी गटार सोडून तळघरात शिरलं. पंप लावून उपसलं, नवा कन्सल्टंट नेमला. उतेकरांचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

ती दोघं दुबई सोडून गेली तो शुक्रवार होता, सकाळी साडेनऊची वेळ. रशीदभाई सामान चढवायला आले होते. मी पोचले तेव्हा काकू फाटकाकडून ग्रोसरीच्या वाटेला लागल्या होत्या, काठी न घेता. चाचांना भेटून आल्या. परत येताना बाकड्यापाशी थांबल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पुढची पावलं अगदी हळू टाकली. साहेबांच्या केसांचा रंग मुळाशी उडून पांढरा दिसत होता. कप्तानाची फाइल त्यांनी छातीशी धरली होती, बॅगेत टाकली नव्हती.

काकूंनी मला जवळ बोलावलं आणि तो हार्डबोर्डचा तक्ता माझ्या हातात दिला. "तुझ्याकडे राहू दे, रेवती. तिकडे याचा काय उपयोग?" मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मला यांनी सगळं सांगितलं हो. मीटिंगमध्ये सगळे मूग गिळून बसले होते, तू एकटी उठून बोललीस. पोरीबाळींचा संसार असून बोललीस. नोकरी राहिली नाही ती नाही, पण आपलं एक माणूस बोललं, याचं मला फार बरं वाटलं ग."

साहेब टॅक्सीच्या डिकीपाशी उभे होते, तीन पावलांवर. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मनगट वर करून घड्याळाकडे बघत राहिले. मिनिटभर तरी बघत राहिले असतील. काकूंचे हात माझ्या हातांवर होते आणि रशीदभाई दोरी आवळत होते.

मी काही बोलले नाही.

साहेबांनी हात खाली केला, डिकी लावली आणि दुसऱ्या बाजूने येऊन काकूंच्या कोपराला हलकेच हात लावला. "सरळ सहा पावलं, मालती," ते म्हणाले. "मग दार."

काकू माझे हात सोडून, तोंडातल्या तोंडात मोजत निघाल्या. सहाव्या पावलाला त्यांनी हात पुढे केला. दार तिथेच होतं.